पूलची मोटर नुसती गुंगुं करायलीय, फिरंना. वायंडिंग भरून आणू का?

माळरान | शुक्रवार, सकाळी ८.४०
नमस्कार मंडळी. औशाच्या अलीकडं आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. पोरांसाठी एक पूल बांधलाय, १० मीटर बाय ५ मीटर, खोली १.२ मीटर. पंप पूलचाच आहे. १.५ एचपी, सिंगल फेज, पुढं जाळीचं भांडं, मागं सँड फिल्टर.

दिवाळीपासून सगळं बंद होतं. सुट्ट्या लागल्या म्हणून पाणी भरलं, बटण दाबलं, तर मोटर नुसती गुंऽऽ करायलीय. आठ-दहा सेकंदांत एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारं बटण) पडते. परत उचलली की परत तेच. गावातल्या वायरमननं कान लावून ऐकलं, "वायंडिंग गेलं मालक, भरून आणा" म्हणाला, म्हणजे आतले तांब्याच्या तारेचे वेढे जळालेत, आणि मोकळा झाला. उद्या संध्याकाळी पाहुणे आहेत, सोबत पोरंटोरं. मोटर काढून लातूरला न्यायची, का आधी अजून काही बघायचं?

शिवारफेरी | सकाळी ८.५५
कंडेन्सर. डोळे झाकून कंडेन्सर. लातूरच्या गंजगोलाईत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळंल.

बिनधास्त_बीड | सकाळी ९.१०
मागचं फॅनचं कव्हर काढा. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं काठीनं फॅनला ढकलायचं. घेते उचल. आमची विहिरीवरची मोटर कितीतरी दिवस अशीच चालवली.

जालन्याचा_वायंडर | सकाळी ९.३५
बिनधास्त भाऊ, असलं लिहू नका. बोटाला पट्टी बांधून मोटर घेऊन येणारी गिऱ्हाइकं मी बघतो. आणि इथं पूल आहे, फरशी ओली, माणूस अनवाणी.

माळरान, माझं पोट वायंडिंगवर आहे तरी सांगतो, आज मोटर भरू नका. पंप सुट्टा करून दुकानात नेला की दुकानदार भरूनच देणार, कारण ते काम त्याला येतं. जळालेली मोटर टर्मिनलचं झाकण उघडलं की वास मारते. तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. तसा वास आहे का?

गुंगुं करते म्हणजे करंट आत जातोय, फक्त फिरायला जोर मिळत नाहीये. एक तर कंडेन्सर मेलाय, नाहीतर आतून कुठं तरी धरलंय, नाहीतर व्होल्टेज पडतंय. तिन्ही गोष्टी जागेवर बघता येतात. आधी एमसीबी पाडा, मेनपण पाडा आणि खोलीच्या दाराशी माणूस उभा करा. "बंद का पडलंय" म्हणून कुणीतरी हौसेनं बटण उचलतंच. मग टेस्टर लावून खात्री करा, फॅनचं कव्हर काढा आणि फॅन हातानं फिरवा. सहज फिरला तर कंडेन्सरकडं वळा. अडकला तर पंपाची बाजू खोला.

एक राहिलं. तुमचा पंप पूलच्या पाण्याच्या पातळीखाली आहे का? असेल तर जाळीचं झाकण उघडायच्या आधी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर पंपरूम भरंल.

दुष्काळ_बघितलेला | सकाळी १०.०५
वा! लातूर जिल्हा आणि स्विमिंग पूल. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं तुमच्या शहराला. विसरले वाटतं लोक.

माळरान | सकाळी १०.४०
@दुष्काळ_बघितलेला, विसरलो नाही हो. ते वर्ष आम्हीही घागरी घेऊनच काढलं. बोअरला पाणी कमी झालं की पूल बंद, हा घरचा नियम आहे. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर बोलू.

@वायंडर काका, वास नाही. पंप पाण्याच्या पातळीखालीच आहे, बरं झालं सांगितलं. कव्हर काढलं. फॅन हातानं हलंना. शाफ्टच्या मागच्या टोकाला खाच आहे, तिथं स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवला तर अडकत अडकत फिरला. आतून खरखर येतीय.

जालन्याचा_वायंडर | सकाळी १०.५०
मग पंपाची बाजू खोला. मोटर आणि पंपाच्या मधले बोल्ट सोडा, मोटर मागं ओढा, पाइपला हात लावायची गरज नाही. ओ-रिंग जपा.

मांजराकाठ | सकाळी ११.२०
मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवते. वायंडर दादा बरोबर सांगतायत, थोडी भर घालते.

सिंगल फेजच्या मोटरला एकट्या मुख्य वायंडिंगवर फिरण्याची दिशाच कळत नाही. दुसरं वायंडिंग असतं, त्याच्या वाटेत कपॅसिटर, म्हणजेच कंडेन्सर, लावून करंट थोडा पुढं सरकवतात, तेव्हा आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर गेला की ढोलकीची एकच बाजू वाजत राहते, ताल धरत नाही. मोटर जागेवर थरथरते आणि नेहमीच्या चार-पाच पट करंट ओढते. १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी एवढ्या करंटला लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून काही सेकंदांनी पडते. म्हणजे तुमचे आठ-दहा सेकंद अगदी हिशेबात बसतात. शॉर्ट असतं तर बटण वर राहिलंच नसतं.

मोटर खोललीच आहे तर मल्टिमीटरनं वायंडिंगचे तीन आकडे घ्या: कॉमन (दोन्ही वायंडिंगचं सामाईक टोक) ते मुख्य, कॉमन ते स्टार्टिंग, आणि मुख्य ते स्टार्टिंग. मीटरच्या दोन वायरी आधी एकमेकींना टेकवून किती दाखवतं ते बघा, तेवढं वजा करा. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी.

कपॅसिटर सोडवण्याआधी तो रिकामा करा. दोन टोकांना जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब टेकवला की झालं. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका. मग मीटरच्या कपॅसिटरच्या रेंजवर मोजा आणि वर काय छापलंय तेही लिहा.

बिनधास्त_बीड | सकाळी ११.३०
ठिणगी पाडल्याशिवाय कळतं कसं मग? 😄

मांजराकाठ | सकाळी ११.३५
मीटरनं कळतं, भाऊ.

माळरान | दुपारी २.१५
खोलला पंप. इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या, पाकळ्यांत चुन्यासारखा पांढरा थर, नखानं निघत नाही. आणि दोन पाकळ्यांच्या मधोमध गेल्या पावसाळ्यातली निंबोळी, सगळी थरात रुतून बसलेली. पूलच्या कडंला कडुनिंब आहे. पण जाळी असताना निंबोळी आत गेलीच कशी म्हणून जाळीचं भांडं बघितलं तर ते बुडाशी एका बाजूनं फुटलेलं.

आकडे घ्या. कॉमन-मुख्य २.१ ओहम, कॉमन-स्टार्टिंग ४.४, मुख्य-स्टार्टिंग ६.५. कंडेन्सरवर ३६ एमएफडी (मायक्रोफॅरड), ४४० व्होल्ट लिहिलंय. मीटर दाखवतंय २१.

शिवारफेरी | दुपारी २.२०
म्हणालो होतो का नाही!

मांजराकाठ | दुपारी २.४०
२.१ आणि ४.४, बेरीज ६.५. वायंडिंग तुटलेलं नाही. दोन-चार वेढे आपसात शॉर्ट असतील तर या मीटरवर कळणार नाही, पण जळका वास नाही, तेव्हा आज तो संशय बाजूला ठेवा. जमलं तर कुणाकडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) आणून वायंडिंग आणि बॉडीच्या मध्ये बघा, निदान १ मेगओहम हवंच. पूलच्या पंपाला मी त्याहून बरंच जास्त अपेक्षित धरते.

कपॅसिटर बदला. छापलेल्या आकड्यापेक्षा १० टक्के खाली गेला की मी बदलायला सांगते, तुमचा तर ४० टक्क्यांहून जास्त उतरलाय. नवा ३६ चाच घ्या. ५० चा लावला तर जास्त जोर येईल असं दुकानात सांगतील, ऐकू नका, स्टार्टिंगचं वायंडिंग तापेल. व्होल्टेज ४४० किंवा त्याच्या वरचं चालेल, खालचं नाही.

थर काढायला इंपेलर सुट्टा करून कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालून भिजत ठेवा, म्हणजे आपलं लिंबूसत्व. हे काम पंपरूममध्ये करू नका. तुमची क्लोरिनची पावडर बहुतेक तिथंच ठेवलेली असणार. कुठलंही अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणसाला बाहेर पडायला वेळ देत नाही.

जालन्याचा_वायंडर | दुपारी ३.००
ताईंनी क्लोरिनचं काढलं म्हणून. पावडरचा डबा पंपरूममधून हलवाच. त्या वाफेनं स्टार्टरचे पॉइंट हिरवे पडतात, स्क्रू गंजतात, मोटरच्या टर्मिनलवर बुरशीसारखं येतं. पूलवाल्यांच्या निम्म्या तक्रारी मला तरी त्या डब्यापायी आलेल्या दिसतात. आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका मापानं कधी घेऊ नका, पेट घेतं ते.

जाळीचं भांडं नवीनच घ्या. एम-सीलनं चिकटवाल आणि पुन्हा निंबोळी जाईल.

गोदाकाठ_नांदेड | दुपारी ३.३०
धाग्यात मधेच घुसतो, माफी. आमच्या लॉजवरच्या पूलचा पंप थ्री फेज आहे, ३ एचपी. तो तर गुंगुंसुद्धा करत नाही. हिरवं बटण दाबलं की स्टार्टर नुसता टक करतो, पकडत नाही. पॅनेलमधल्या एका डब्यावर लाल दिवा आहे. फ्यूज बघितले, तिन्ही फेजला टेस्टर पेटतो. आमच्याकडं मागच्या आठवड्यात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली होती, नवी बसवली, तेव्हापासून हे असंच.

जालन्याचा_वायंडर | दुपारी ३.४०
तो लाल दिव्याचा डबा म्हणजे फेज प्रिव्हेंटर, फेज गेला किंवा उलटा आला की मोटर चालू होऊ देत नाही. नवीन डीपी म्हणालात तिथंच कळलं. बोअरची मोटर थ्री फेज आहे का? पाणी कमी टाकायलीय का?

गोदाकाठ_नांदेड | दुपारी ३.४५
हो!! अर्धंच येतंय. आम्ही समजलो पाणी खाली गेलं.

जालन्याचा_वायंडर | दुपारी ३.५५
पाणी जागेवर आहे. डीपी बसवताना फेज उलटसुलट जोडले गेले. बोअर उलटी फिरतेय, उलटी फिरली तरी सबमर्सिबल थोडं पाणी टाकतेच. पूलच्या पंपाला प्रिव्हेंटर आहे म्हणून त्यानं चालू होऊ दिलं नाही, त्याचे आभार माना. तुमच्या पॅनेलमध्ये दोन फेज अदलाबदल केले की पूल सुरू होईल, पण बोअर, गिरणी, जे काही थ्री फेजवर आहे ते सगळं उलटंच राहील. लाइनमनला सांगून वरच फेज सरळ करून घ्या. त्या डीपीवर अजून कुणाच्या मोटारी असतील तर त्यांनाही विचारा. आणि कुणी "तो लाल डबा काढून डायरेक्ट करतो" म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा.

कोरडवाहू | संध्याकाळी ५.१०
माळरान, मीटर कुठलं आहे? शेतीच्या कनेक्शनवर पूल चालवत असाल तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, ज्या कामाला वीज मंजूर त्याच कामाला वापरायची. आमच्या ओळखीत एकाला बिलाचा मोठा दणका बसलाय.

माळरान | संध्याकाळी ५.२५
व्यावसायिक मीटर आहे, गावठाणच्या फीडरवर. शेतीच्या लाइनीवर पूल चालवायचा म्हटलं तर तिच्या वेळापत्रकानं रात्री उठून फिल्टर फिरवावा लागंल.

माळरान | संध्याकाळी ६.०५
इंपेलर साफ केला, कंडेन्सर ३६ चाच टाकला, जाळीचं भांडं नवं बसवलं. भांड्यात पाणी भरून झाकण लावलं, बटण दाबलं, घेतली की उचल!! फिल्टरचा दाबाचा काटा वर चढला. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उद्या पोरं पोहणार.

शिवारफेरी | संध्याकाळी ६.१०
पार्टी!

माळरान | रात्री ८.५०
पार्टी थांबवा. तासभर चालवून बंद केली होती. आता परत लावली तर परत गुंगुं. एमसीबी पडली. फॅन हातानं अगदी मोकळा फिरतोय, कंडेन्सर मोजला, ३६ बरोबर आहे. वायरमन म्हणतोय, "बघा, मी वायंडिंगच म्हणलो होतो."

जालन्याचा_वायंडर | रात्री ९.०५
पंपरूममध्ये व्होल्टेज किती?

माळरान | रात्री ९.१०
२०४. संध्याकाळी लावली तेव्हा २२६ होतं. रात्री गावात सगळीकडं कूलर लागतात ना.

मांजराकाठ | रात्री ९.२०
२०४ ला चांगली मोटर उचल घ्यायला हवी. तुम्ही हे मोटर बंद असताना मोजलंय. एकाला मीटर मोटरच्या टर्मिनलवर लावून धरायला सांगा, नीट, इन्सुलेटेड क्लिपा लावून, आणि दुसऱ्यानं दोन-तीन सेकंदच बटण दाबायचं. तेव्हा किती उतरतं ते सांगा. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) मिळाला तर त्याच वेळी करंटही बघा. आणि मीटरपासून पंपरूमपर्यंत वायर कुठली, किती लांब?

माळरान | रात्री ९.५५
वायर १.५ एमएमची (चौरस मिलिमीटर), तांब्याची. मुख्य मीटरपासून अंतर पायानं मोजलं, ६० मीटरच्या आसपास. बटण दाबलं तेव्हा २०४ वरून १५४ वर आलं. करंट ३४ अँपिअर.

मांजराकाठ | रात्री १०.१५
हा घ्या तुमचा चोर.

१.५ एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. तुमचं जाणं ६० मीटर आणि येणं ६० मीटर, म्हणजे १२० मीटरला जवळपास १.४५ ओहम. ३४ अँपिअरनं गुणा. ५० व्होल्ट वायरीतच संपतात, मोटरपर्यंत पोचतच नाहीत. तुमचं मीटरही नेमकं तेवढंच सांगतंय, २०४ वजा १५४.

आता मोटरचा उचलायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ला पूर्ण धरला तर १५४ ला ४५ टक्केच उरतो. संध्याकाळी २२६ असताना सुरुवातीला टर्मिनलवर १७१ च्या आसपास मिळालं असेल, म्हणजे ५५ टक्के, तेवढ्यात नव्या कपॅसिटरवर कशीबशी उचलली. रात्री नाही. फिरायला लागल्यावर करंट आठ-नऊ अँपिअरवर येतो आणि वायर फक्त १२-१३ व्होल्ट खाते, म्हणून चालू असताना कुणाला शंका येत नाही. मोटर बंद ठेवून मोजलेलं व्होल्टेज बघून मी कुणाचंच निदान मानत नाही, ते याच्यासाठी.

तुमच्याकडं रात्री व्होल्टेज पडतंच, म्हणून एरवी ४ एमएम सांगितली असती, तुम्ही ६ एमएमची तांब्याची केबल टाका. तिचा रोध या लांबीला ०.३७ ओहम येतो. मग रात्रीच्या २०४ ला सुद्धा सुरुवातीला १८८ च्या आसपास मिळतील, जोर ६७ टक्के. मोटर हसत उचलेल.

बिनधास्त_बीड | रात्री १०.२०
ताई, स्टॅबिलायझर लावला तर? वायर ओढायचा कुटाणा नको.

मांजराकाठ | रात्री १०.३०
पंपरूममध्ये लावलात तर त्याच बारीक वायरीतून तो आणखी जास्त करंट ओढणार. शिवाय सुरुवातीचे ३५-४० अँपिअर झेपणारा स्टॅबिलायझर घ्याल तेवढ्यात केबल येते.

जालन्याचा_वायंडर | रात्री १०.४०
पूल बांधणाऱ्या ठेकेदारांची ही जुनी सवय. टाइल इटालियन लावतील, वायर मात्र ट्यूबलाइटची. माळरान, उद्याचं सांगतो. सकाळी व्होल्टेज बरं असतं, तेव्हाच मोटर लावा आणि संध्याकाळच्या आत बंद करा. ६० हजार लिटरचा पूल, १.५ एचपीचा पंप, तीन-साडेतीन तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून निघतं. दोन वेळा फिरवलं की पाहुण्यांपुरतं पाणी स्वच्छ राहील. केबल नंतर टाका.

पण एक विचारू? पंपरूमला आरसीसीबी आहे का? ३० मिलिअँपिअरचा, करंट गळाला की लगेच पडणारा.

माळरान | रात्री १०.४५
एमसीबी आहे.

जालन्याचा_वायंडर | रात्री १०.५५
एमसीबी वायरीला वाचवते, पोराला नाही. माणसाचा जीव जायला लागणाऱ्या करंटची १६ अँपिअरच्या एमसीबीला दखलसुद्धा नसते. उद्या पोरं पाण्यात असतील तेव्हा मोटर बंद आणि पंपरूमची मेन पाडलेली. पाण्यातला दिवा असेल तर तोही बंद. पोरं बाहेर आली की चालवा. केबल टाकाल तेव्हा आरसीसीबी आणि वेगळं अर्थिंग एकदमच करून घ्या. यात मी काटकसर ऐकून घेत नाही.

माळरान | शनिवार, रात्री ९.३०
सगळं तसंच केलं. सकाळी चालवली, पाहुणे आले तेव्हा मेन पाडली. पोरं अंधार पडेपर्यंत पाण्यातून निघंनात.

दुष्काळ_बघितलेला | रविवार, सकाळी ८.१५
पूल नीट झाला, आनंद आहे. तरी हिशेब सांगतोच. ५० चौरस मीटरचा पूल. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं म्हटलं तरी रोज ४०० लिटर गेलं. त्यावर बॅकवॉश, म्हणजे उलट्या पाण्यानं फिल्टर धुणं, वेगळा.

माळरान | रविवार, सकाळी ९.००
हिशेब मान्य. रात्री कापड अंथरतो, त्यानं उडणं बरंच कमी होतं. बॅकवॉश फिल्टरचा काटा स्वच्छ असतानाच्यापेक्षा ८-१० पीएसआय चढल्याशिवाय करत नाही. केला की सात-आठशे लिटर जातं, ते खड्ड्यात उन्हात ठेवून क्लोरिन उडालं की केशर आंब्याला देतो. आणि आजूबाजूची पोरं उन्हाळ्यात शेततळ्यात उतरायची. ते प्लॅस्टिक शेवाळानं बुळबुळीत, पट्टीचा पोहणाराही कड चढून येऊ शकत नाही. आमच्या पट्ट्यात असं व्हायला लागल्यावर मी पूलचं मनावर घेतलं. ४०० लिटरचं मोल मला माहीत आहे.

दुष्काळ_बघितलेला | रविवार, सकाळी ९.२०
शेततळ्याचं पटलं. कडेला दोर आणि टायर बांधायला सांगा सगळ्यांना.

माळरान | गुरुवार, संध्याकाळी ७.४०
६ एमएम आर्मर्ड केबल टाकली, आरसीसीबी बसवला, अर्थिंगचा खड्डा नवा घेतला. आता वेगळीच भानगड. आरसीसीबी नुसता असताना टिकतो, मोटर लावली की त्याच क्षणी पडतो. वायरमन म्हणतो, "मोटर लीक आहे, नाहीतर हा डबा काढून टाका." मेगर आणून बघितलं, मोटर ते बॉडी ८० मेगओहम.

जालन्याचा_वायंडर | गुरुवार, संध्याकाळी ८.००
८० ला मोटर लीक नसते. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बघा. मोटरचा फेज आरसीसीबीतून घेतलाय आणि न्यूट्रल जुन्या लिंकवर (न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) ठेवलाय, जिथं पंपरूमचा बल्ब आणि बाकीचंही आहे. गेलेला करंट दुसऱ्या वाटेनं परत येतो, आरसीसीबीला वाटतं कुणाच्या तरी अंगातून गेला. मोटरचा न्यूट्रल आरसीसीबीच्या बाहेर पडणाऱ्या न्यूट्रललाच लावा, बाकी कशाशी जोडू नका.

माळरान | गुरुवार, रात्री ८.५०
तेच निघालं. जुन्या लिंकवर होता. आता टिकतोय, टेस्टचं बटण दाबलं की पडतो. व्होल्टेज २०६ आहे, बटण दाबताना १९० दाखवलं, मोटरनं क्षणात उचल घेतली. वायरमन बघत होता, काही बोलला नाही. मोटर आणि पंपाच्या मधून थेंब थेंब पाणी गळतंय मात्र, खोलल्यापासून.

जालन्याचा_वायंडर | गुरुवार, रात्री ९.००
मेकॅनिकल सील, पंपाचं पाणी शाफ्टवरून मोटरकडं येऊ न देणारं. जाम शाफ्ट जोर लावून फिरवला ना, तिथं घासला असेल. चालेल थोडे दिवस, पण ते पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगमध्ये जाईल, मग खरंच मोटर माझ्याकडं आणावी लागेल. शाफ्टचं माप घेऊन सील आणा. बसवताना त्याच्या गुळगुळीत तोंडाला बोट लावू नका, आणि भांड्यात पाणी नसताना एक मिनिटसुद्धा चालवू नका.

गोदाकाठ_नांदेड | शुक्रवार, सकाळी ७.३०
लाइनमननं फेज सरळ केले. पूल सुरू, बोअरला पाणी पहिल्यासारखं. शेजारच्या दोघांच्या मोटारी पण उलट्याच निघाल्या, ते बोअर अजून खाली न्यायला निघाले होते. एक शंका, आमचा ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) १० अँपिअरवर लावलाय, बरोबर आहे का? मोटरच्या पट्टीवर ४.९ अँपिअर लिहिलंय.

जालन्याचा_वायंडर | शुक्रवार, सकाळी ७.४५
१० वर रिले असून नसल्यासारखा आहे. पट्टीवर ४.९ आहे ना, मग ५ वर आणा. तेवढ्यात पडत असेल तर रिले वाढवू नका, क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचे आकडे इथं टाका.